‘सेव्हन स्टार्स’ची साक्ष

ब्रिस्टल शहराच्या रेडक्लिफ भागात, सेंट थॉमस चर्चच्या शेजारून थॉमस लेन नावाची एक अरुंद गल्ली जाते. या गल्लीत ‘सेव्हन स्टार्स’ नावाचा पब आहे. इमारत सतराव्या शतकातली मानली जाते आणि सरकारी दफ्तरी ती संरक्षित वास्तू म्हणून नोंदलेली आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तिच्यात विशेष काही दिसणार नाही. इंग्लंडच्या कुठल्याही जुन्या गावात असे चार-दोन पब सापडतात. या पबच्या भिंतीवर मात्र एक पाटी आहे, आणि १७८७ च्या उन्हाळ्यात इथे घडलेल्या गोष्टीची आठवण ती करून देते.

बंदरातल्या जुन्या पबांचा इतिहास सहसा चाचे, तस्कर आणि भुतांच्या गोष्टींनी भरलेला असतो. ब्रिस्टलमध्येच किंग स्ट्रीटवर ‘लॅन्डॉगर ट्रो’ हा १६६४ मधला प्रसिद्ध पब आहे. निर्जन बेटावर एकटा राहून परतलेला अलेक्झांडर सेलकर्क डॅनियल डीफोला इथेच भेटला आणि त्यातून ‘रॉबिन्सन क्रूसो’ सुचली, अशी दंतकथा आहे. स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’मधल्या खानावळीचे मूळही इथलेच, असे सांगतात. यातले फारसे काही सिद्ध करता येत नाही, पण पर्यटकांना ते आवडते. ‘सेव्हन स्टार्स’ची गोष्ट वेगळ्या जातीची आहे. ती एका माणसाने स्वतःच्या पुस्तकात लिहून ठेवली आहे आणि तिच्यात रम्य असे काहीच नाही.

ती समजून घ्यायची तर आधी हे बंदर पाहिले पाहिजे. ब्रिस्टल समुद्रकाठी नाही. सेव्हर्नच्या खाडीपासून काही मैल आत, एव्हन नदीवर ते वसले आहे. या खाडीतली भरती-ओहोटी जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. १८०९ मध्ये पाणी अडवून कायम भरलेली गोदी तयार झाली. तोपर्यंत ओहोटी लागली की भर शहरातली जहाजे चिखलात टेकून बसत. त्यामुळे लांबच्या सफरीला निघालेली जहाजे नदीच्या मुखाशी, किंगरोड नावाच्या नांगरवाड्यात जाऊन थांबत आणि शहरातून माणसे होडीने त्यांच्यावर पोचवली जात. एकदा होडीत बसून किंगरोडला गेलेल्या माणसाला शहरात परतणे सोपे नसे. हा भूगोल पुढच्या गोष्टीत महत्त्वाचा आहे.

आफ्रिकेच्या व्यापारावरची रॉयल आफ्रिकन कंपनीची मक्तेदारी १६९८ मध्ये संपली आणि ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांना गुलामांच्या धंद्याचे दार उघडले. तिथपासून १८०७ पर्यंत या बंदरातून गुलामांसाठी सुमारे २,१०० सफरी निघाल्या. या जहाजांनी आफ्रिकेतून नेलेल्या माणसांची संख्या पाच लाखांहून अधिक धरली जाते. जाताना जहाजांच्या पोटात पितळी भांडी, बंदुका, दारू आणि कापड असे. त्या कापडात हिंदुस्थानातले सुती कापडही मोठ्या प्रमाणात होते. गुजरातच्या आणि कोरोमंडल किनाऱ्यावरच्या विणकरांचा माल पश्चिम आफ्रिकेच्या बाजारात माणसांच्या बदल्यात मोजला जाई. परतताना साखर येई. शहरातली श्रीमंत घरे आणि गिरण्या यांच्यामागे ही साखर होती. १७८७ पर्यंत लिव्हरपूल या धंद्यात ब्रिस्टलच्या पुष्कळ पुढे गेले होते, पण ब्रिस्टलमध्येही तो चालूच होता.

त्या वर्षी २२ मे रोजी लंडनमध्ये बारा जणांनी गुलामांचा व्यापार बंद पाडण्यासाठी एक समिती स्थापन केली. त्यांपैकी नऊ जण क्वेकर होते. उरलेल्या तिघांत सत्तावीस वर्षांचा थॉमस क्लार्कसन होता. दोन वर्षांपूर्वी केंब्रिजमध्ये त्याने एका लॅटिन निबंधस्पर्धेत बक्षीस मिळवले होते. माणसांना त्यांच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणे न्याय्य आहे काय, हा त्या स्पर्धेचा विषय. बक्षिसासाठी म्हणून त्याने माहिती जमवायला सुरुवात केली आणि ती माहिती त्याला झोपू देईना. निबंध वाचून लंडनकडे परतताना हर्टफर्डशरमध्ये वाटेत तो घोड्यावरून उतरला आणि रस्त्याच्या कडेला बसून राहिला. निबंधात लिहिलेले खरे असेल तर हे कोणीतरी थांबवले पाहिजे, असा विचार त्याच्या मनात पक्का झाला.

समितीकडे नैतिक युक्तिवाद भरपूर होते, पुरावा मात्र थोडा होता. पार्लमेंटपुढे जायचे तर आकडे, कागद आणि साक्षीदार हवे होते. ते बंदरांतच मिळणार. म्हणून जूनच्या अखेरीस क्लार्कसन घोड्यावरून ब्रिस्टलला निघाला. संध्याकाळी आठच्या सुमारास, शहर मैलभर उरले असताना, रस्त्याचे एक वळण पार करताच त्याला चर्चच्या घंटा ऐकू आल्या. हवा धूसर होती. तो आवाज ऐकून आपल्याला भीती वाटली, असे त्याने लिहून ठेवले आहे. इतक्या मोठ्या शहराच्या पोटापाण्यावर घाव घालायला आपण एकटे निघालो आहोत, याची जाणीव त्याला त्या क्षणी झाली.

शहरात आल्यावर त्याला एक विचित्र गोष्ट दिसली. या धंद्याबद्दल लोक मोकळेपणाने बोलत आणि बहुतेक सगळे त्याला वाईटच म्हणत. तो बंद व्हावा, असे मात्र कोणाच्या मनात येत नसे. गुलामवाहू जहाजांवर पूर्वी काम केलेला आणि आता क्वेकर झालेला हॅरी गँडी यासारखे थोडे लोक त्याच्या मदतीला आले. पण क्लार्कसन नेमका कशासाठी आला आहे हे कळल्यावर जहाजांचे कप्तान त्याला रस्त्यात टाळू लागले. व्यापाऱ्यांच्या दारातून फार काही मिळणार नव्हते. मग तो खलाशांकडे वळला, आणि खलाशांपर्यंत पोचायची वाट पबमधून जात होती.

त्या काळच्या बंदरातला पब म्हणजे केवळ दारू पिण्याची जागा नसे. सफरीवरून परतलेल्या खलाशाला शहरात घर नसे. तो पबमध्ये उतरे, तिथेच जेवे, तिथेच झोपे. हातातला पगार संपला की उधारीवर राही. पुढचे जहाज कोणते, कप्तान कसा, पगार किती ही सगळी बातमी त्याला तिथेच मिळे. जहाजाला माणसे हवी असली की कप्तान पबमालकाकडे येई आणि मालक माणूस देई. खलाशाला मिळणाऱ्या आगाऊ पगारातून मालकाची उधारी वळती होई. थोडक्यात, पबमालक हा एकाच वेळी खाणावळवाला, सावकार आणि मुकादम असे.

‘सेव्हन स्टार्स’चा मालक हाच धंदा करत होता. क्लार्कसनने त्याचे फक्त आडनाव लिहिले आहे : थॉम्पसन. सफर संपलेल्या खलाशांना तो ठेवून घेई आणि त्यांना पुढची जहाजे मिळवून देई. मात्र गुलामवाहू जहाजांना तो माणूस देत नसे. त्याने क्लार्कसनला सांगितलेले कारण साधे होते. आपल्या भरवशावर राहिलेल्या माणसांना आपण त्या धंद्यात पाठवतो असे कळले, तर आपल्या घराची पत बुडेल. क्लार्कसनला हा माणूस हुशार वाटला आणि त्याने त्याच्याकडे मदत मागितली. जी जहाजे खलाशी स्वखुशीने टाळतात त्यांना खलाशी मिळतात तरी कसे, हे त्याला डोळ्यांनी पाहायचे होते.

थॉम्पसन त्याला रात्री मार्श स्ट्रीटवर घेऊन गेला. धक्क्याजवळच्या या रस्त्यावर गुत्त्यांची रांगच होती. गुलामवाहू जहाजांचे अधिकारी मध्यरात्रीच्या सुमारास तिथे माणसे गोळा करायला येत. गाणे, नाच, शिवीगाळ, मारामारी आणि दारू असे सगळे पहाटेपर्यंत चाले. क्लार्कसन सांगतो की अशा एकोणीस खेपा त्याने केल्या. धर्मोपदेशक होण्यासाठी शिकलेला हा उंच, तांबड्या केसांचा तरुण कोपऱ्यात बसून रोज तेच पाहत होता.

त्याला जे दिसले त्याच्या तीन पायऱ्या होत्या. बंदरात नवखा असलेला पोरगा असला तर त्याला गोड बोलून ओढायचे. पगार जास्त आहे, परदेश पाहायला मिळेल, अमुक सवलती मिळतील, असे सांगायचे. जो याला भुलत नसे त्याला पाजायचे. तो शुद्धीवर नसताना कप्तानाशी सौदा व्हायचा आणि होडी तयारच असायची. जाग येई तेव्हा तो किंगरोडला असे. जो इतका पीत नसे त्याच्यासाठी तिसरा मार्ग होता, उधारीचा. त्याला खिशापेक्षा जास्त खर्च करू द्यायचा आणि मग हिशेब पुढे करायचा. पैसे दे, नाहीतर तुरुंगात जा, नाहीतर जहाजावर चढ. करारपत्रावर सही घेतली जाई, पण ते वाचू दिले जात नसे. पगाराचा मोठा भाग वेस्ट इंडीजच्या घसरलेल्या चलनात मिळेल अशी मेख त्यात असे.

मराठी वाचकाला ही तिसरी पायरी ओळखीची वाटेल. आपल्या भाषेत तिला ‘उचल’ असा नेमका शब्द आहे. ऊसतोडीच्या हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली रक्कम फिटेपर्यंत माणूस स्वतःचा राहत नाही, हे मराठवाड्यातल्या कुटुंबांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. कलकत्त्याच्या बंदरात हिंदी खलाशांना जहाजावर चढवणारे घाट-सारंगही आधी राहायला जागा आणि उधारी देत, मग माणूस पुरवत. काळ, कायदा आणि क्रौर्याचे प्रमाण वेगवेगळे आहे आणि त्यांची सरमिसळ करू नये. पण दूरच्या साखरेसाठी जवळच्या माणसाला कर्जात बांधण्याची रीत जुनी आहे, आणि तिला नेहमी एक ओळखीचा, गोडबोल्या मध्यस्थ लागतो.

खलाशी ही जहाजे का टाळत, हे क्लार्कसनला नंतर कागदांतून समजले. सफरीवर गेलेल्या प्रत्येक खलाशाचे नाव, पगार आणि शेवटी त्याचे काय झाले याची हजेरीपत्रके मर्चंट व्हेंचरर्स या व्यापारी संस्थेच्या इमारतीत ठेवलेली असत. ती त्याला पाहायला मिळाली. गुलामांच्या व्यापाराचे समर्थक म्हणत की या सफरी म्हणजे ब्रिटिश आरमाराची पाठशाळा आहे. कसलेले खलाशी इथूनच तयार होतात. हजेरीपत्रके वेगळेच सांगत होती. पुढे वेगवेगळ्या बंदरांतली पत्रके जमवून क्लार्कसनने १७८६ सालचा हिशेब मांडला. निघालेल्या ५,००० खलाशांपैकी परत आले २,३२०. मेले १,१३०. आफ्रिकेत उतरवलेले आणि ठावठिकाणा न लागलेले ८०. आणि वेस्ट इंडीजमध्ये उतरवलेले किंवा पळून गेलेले १,४७०.

हा शेवटचा आकडा मुद्दाम पाहण्यासारखा आहे. बंदिवानांवर पहारा ठेवण्यासाठी जाताना खलाशी जास्त लागत. वेस्ट इंडीजमध्ये माणसे विकली गेली की परतीच्या वाटेवर तितक्यांची गरज उरत नसे. मग कप्तान त्यांना असे वागवत की त्यांनी पळून जावे. पळालेल्याचा उरलेला पगार वाचे. मार्श स्ट्रीटवर दारू पाजून चढवलेला माणूस असा दुसऱ्या टोकाला उतरवला जाई. त्या बेटांच्या धक्क्यांवर आजारी गोरे खलाशी भीक मागताना दिसत.

क्लार्कसन ब्रिस्टलला असताना ‘ब्रदर्स’ नावाचे जहाज किंगरोडला माणसांची वाट पाहत अडकून पडले होते. मागच्या सफरीत त्यावर बत्तीस खलाशी मेले होते. त्यावर चढवलेली एक टोळी पुढे काय वाढून ठेवले आहे हे कळताच रविवारी सकाळी पळून आली होती. याच जहाजावर जॉन डीन नावाच्या एका स्वतंत्र काळ्या खलाशाच्या पाठीवर कप्तानाने उकळते डांबर ओतले होते आणि तापलेल्या चिमट्याने डाग दिले होते. ‘थॉमस’ या दुसऱ्या जहाजावरच्या विल्यम लाइन्स नावाच्या खलाशाला मारहाण करून ठार केल्याची बातमीही त्याच्या कानावर आली. या प्रकरणात क्लार्कसनने न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. पण खटला उभा राहीपर्यंत साक्षीदार पांगवले गेले. दोघांना शोधत तो रात्री सेव्हर्न ओलांडून वेल्समधल्या नीथच्या कोळशाच्या खाणीपर्यंत गेला आणि त्यांना घेऊन परतला, तोवर आरोपी सुटले होते.

न्यायालयात हरलेली माहिती पार्लमेंटपुढे मात्र उपयोगी पडली. ब्रिस्टलमध्येच त्याला अलेक्झांडर फाल्कनब्रिज भेटला. गुलामवाहू जहाजांवर शल्यवैद्य म्हणून काम करून त्या धंद्याला विटलेला हा माणूस नाव लावून बोलायला तयार झाला, आणि १७८८ मध्ये त्याने स्वतःचे पुस्तक छापले. त्याच वर्षी सरकारी चौकशी सुरू झाली. १७८९ च्या मे महिन्यात विल्यम विल्बरफोर्सने कॉमन्समध्ये विषय मांडला, तेव्हा त्याच्या भाषणात खलाशांच्या मृत्यूंचा हिशेबही होता. दोन वर्षांनी ठराव मताला आला आणि ८८ विरुद्ध १६३ मतांनी पडला. ती बातमी ब्रिस्टलला पोचली तेव्हा चर्चच्या घंटा वाजवण्यात आल्या, ब्रॅन्डन टेकडीवर तोफा उडाल्या, होळी पेटवली गेली आणि कामगारांना व खलाशांना अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली. ज्या खलाशांच्या मरणाचे आकडे पार्लमेंटमध्ये वाचले गेले होते, त्यांनाही त्या आनंदात सामील करून घेण्यात आले.

‘सेव्हन स्टार्स’च्या गोष्टीचा अभिमान बाळगताना एक गोष्ट नजरेआड होऊ देऊ नये. या साक्षीत आफ्रिकन माणसे जवळजवळ नाहीत. पबमध्ये येत होते ते खलाशी, आणि बंदिवानांवर चाबूक चालवणारेही तेच होते. जहाजाच्या तळात साखळीने बांधलेला माणूस थॉम्पसनच्या बाकावर येऊन बसू शकत नव्हता. क्लार्कसनला हे कळत होते. पण आपल्याच देशबांधवांचे मरण मोजून दाखवल्याशिवाय हे सभागृह ऐकणार नाही, हेही त्याला कळत होते. म्हणून त्याने हजारो काळ्या माणसांच्या मरणाचा प्रश्न गोऱ्या खलाशांच्या हजेरीपत्रकातून मांडला. ही चतुराई होती आणि लाचारीही होती. स्वतः गुलामी भोगलेल्या ओलाउदा इक्वियानोचे आत्मचरित्र १७८९ मध्ये आले, तेव्हा कुठे ब्रिटिश वाचकांना तळातल्या माणसाचा आवाज त्याच्याच शब्दांत मोठ्या प्रमाणावर ऐकायला मिळाला.

१८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बेकायदा ठरला. क्लार्कसनने त्याचा इतिहास दोन खंडांत १८०८ साली लिहिला, आणि थॉम्पसनची हकीकत आपल्याला कळते ती तिथूनच. प्रत्यक्ष गुलामी संपवणाऱ्या कायद्याला २८ ऑगस्ट १८३३ रोजी राजाची संमती मिळाली. दोन कोटी पौंडांची भरपाई ठरली, ती गुलामांच्या मालकांना. जे राबले त्यांना काहीच मिळाले नाही. त्यानंतर महिनाभराने, २७ सप्टेंबरला, राजा राममोहन रॉय ब्रिस्टलमध्येच वारले. आर्नोस व्हेलच्या स्मशानभूमीत द्वारकानाथ टागोरांनी बांधवलेली त्यांची छत्री आजही उभी आहे. भारतातून ब्रिस्टलला जाणारे पुष्कळ जण तिथे फूल वाहायला जातात. ‘सेव्हन स्टार्स’ तिथून फार दूर नाही.

पण उसाच्या मळ्यांना माणसे लागतच होती. १८३४ पासून हिंदुस्थानातून मॉरिशसला कराराचे मजूर जाऊ लागले, १८३८ मध्ये ब्रिटिश गयानाला. उत्तरेतल्या जत्रांत आणि धर्मशाळांत भोळ्या माणसाला हेरून त्याला बेटावरच्या सुखाच्या गोष्टी सांगणारा ‘अरकाटी’ म्हणजे मार्श स्ट्रीटवरच्या गुत्तेवाल्याचाच दूरचा भाऊबंद. मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आज मॉरिशसमध्ये आहेत. त्यांच्या पणज्या-खापरपणज्यांना जहाजावर चढवणारा कोण होता, त्याने काय सांगितले होते, याच्या साक्षी कुठल्या धर्मशाळेत गोळा झाल्या असत्या, असा प्रश्न मनात येतो. तिथे क्लार्कसन क्वचितच पोचला.

ब्रिस्टलने आपला हा इतिहास बराच काळ संगमरवर आणि ब्राँझमध्ये झाकून ठेवला होता. रॉयल आफ्रिकन कंपनीचा एक मोठा अधिकारी एडवर्ड कोल्स्टन याचा पुतळा, त्याच्या मृत्यूनंतर पावणेदोनशे वर्षांनी, दानशूर नागरिक म्हणून १८९५ मध्ये उभारला गेला. ७ जून २०२० रोजी निदर्शकांनी तो पाडला आणि ओढत नेऊन गोदीत टाकला. जगभरच्या वर्तमानपत्रांत ते छायाचित्र छापले गेले. थॉमस लेनमधल्या पाटीचे छायाचित्र कोणी फारसे छापत नाही.

त्या पाटीमागच्या माणसाला संत करण्याचीही गरज नाही. थॉम्पसनने माणुसकीची मोठी भाषा वापरली नाही. त्याने आपल्या घराची पत, गिऱ्हाइकाचा भरवसा, एवढेच बोलून दाखवले. त्या रस्त्यांवरच्या इतर मालकांपुढेही तोच हिशेब होता आणि त्यांचा नफा नक्कीच जास्त असणार. गुलामांचा व्यापार लंडनच्या पेढ्यांनी आणि ब्रिस्टलच्या सावकारांनी उभा केला, पण रोज रात्री तो चालू ठेवायला उधारीची वही घेऊन बसलेला एक दुकानदार लागत होता. थॉम्पसनने आपली वही त्या कामाला दिली नाही. मध्यरात्री त्याने कंदील उचलला आणि शेजारच्या रस्त्यावर काय चालते ते एका परक्या माणसाला नेऊन दाखवले. शहरातल्या सगळ्यांना ते ठाऊक होते. दाखवायला मात्र तोच तयार झाला.